विश्लेषण : लैंगिक गुन्ह्यातील दोषी शेजारी राहतो का, हे मोबाइलवर शोधता येते का?

बालिकेवरील अत्याचाराची बातमी आली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. अमेरिकेत पत्ता टाकला की परिसरातील लैंगिक गुन्हेगारांचे फोटो दिसतात, मग आपल्याकडे का नाही? अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच टोकदार आहे. कर्जत तालुक्यातील कोपर्डीत १३ जुलै २०१६ रोजी शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली आणि २९ नोव्हेंबर २०१७ रोजी जिल्हा सत्र न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. तेव्हापासून गुन्हेगारांची नावे चौकात लावण्याची मागणी वारंवार होते. भारतात अशी नोंदवही आहे, पण ती कोणाला दिसते, तिच्यात कोण असते आणि पालकांना तिचा उपयोग कसा करून घेता येतो, याचा हा आढावा.

भारतात लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही आहे का?

आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस सुरू केला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, तो सांभाळते. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पोक्सो आणि छेडछाडीच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची माहिती त्यात असते. सुरुवातीलाच त्यात ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. २००५ पासूनच्या नोंदी भरत राहण्यास राज्यांच्या पोलिसांना सांगण्यात आले. प्रत्येक नोंदीत नाव, पत्ता, छायाचित्र आणि बोटांचे ठसे असतात.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर अशा नोंदवहीची मागणी जोर धरू लागली होती. प्रत्यक्षात ती यायला जवळपास सहा वर्षे लागली.

मग ती आपल्याला का दिसत नाही?

कारण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी आहे. तपास करताना संशयिताचा पूर्वेतिहास पाहणे आणि नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी करणे, हे तिचे दोन मुख्य उपयोग. मोबाइलवर तिचे कोणतेही सार्वजनिक ॲप किंवा संकेतस्थळ नाही. त्यामुळे ‘तुमच्या गावातील गुन्हेगारांची सरकारी यादी’ म्हणून एखादी लिंक आली, तर ती या नोंदवहीची नाही एवढे नक्की समजावे. अशा लिंकवर आधार क्रमांक किंवा ओटीपी देऊ नये.

ई-कोर्ट्स ॲपवर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो, हे खरे. पण तो न्यायालयीन कामकाजाचा शोध आहे, गुन्हेगारांची यादी नव्हे. तिथे आरोपी, निर्दोष सुटलेले आणि दिवाणी दाव्यातले पक्षकार सारेच दिसतात. पोक्सो खटल्यांत पीडितेची ओळख उघड होऊ नये म्हणून तपशील झाकलेलेही असू शकतात. शिवाय एकाच तालुक्यात एकाच नावा-आडनावाची अनेक माणसे असतात. नुसत्या नावाच्या शोधावरून कुणाबद्दल निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. पोलिसांच्या नोंदवहीत बोटांचे ठसे असतात ते यासाठीच. नाव सारखे असू शकते, ठसे नाही.

यादीत नाव कोणाचे जाते, कोणाचे जात नाही?

इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. यादी दोषसिद्धीवर चालते, तक्रारीवर किंवा अटकेवर नाही. गुन्हा नोंदला, आरोपपत्र दाखल झाले, खटला उभा राहिला, तरी न्यायालयाने दोषी ठरवल्याशिवाय त्या व्यक्तीला लैंगिक गुन्हेगार म्हणता येत नाही. एनसीआरबीच्या अहवालांनुसार २०१८, २०१९ आणि २०२२ या वर्षांत बलात्काराच्या खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण २७ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान होते. म्हणजे न्यायालयात निकाली निघालेल्या चार खटल्यांपैकी साधारण तीन खटल्यांतील नावे या यादीपर्यंत पोहोचतच नाहीत.

बदलापूरच्या शाळेतील ऑगस्ट २०२४ च्या प्रकरणाने ही मर्यादा दाखवून दिली. तिथला आरोपी खटला चालण्याआधीच, सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. त्याच्यावरील आरोपांचा न्यायालयीन निकाल लागलाच नाही.

अल्पवयीनांचा नियमही वेगळा आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला त्या प्रकरणामुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही आणि ठरावीक काळानंतर त्याच्या नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद आहे तो १६ वर्षांवरील आणि निर्घृण गुन्ह्यात प्रौढांप्रमाणे खटला चालून दोषी ठरलेल्यांचा.

शिक्षा भोगून आलेल्याला पोलिसांकडे नोंदणी करावी लागते का?

अमेरिका किंवा ब्रिटनसारखी सरसकट सक्ती भारतात नाही. राष्ट्रीय नोंदवही पोलीस भरतात, दोषी व्यक्तीने स्वतः जाऊन नाव नोंदवायचे नसते. त्यामुळे सुटकेनंतर माणूस श्रीगोंद्याहून चाकणला किंवा सुरतला गेला, तर नोंदीतला पत्ता जुनाच राहण्याची शक्यता असते.

याच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९४ मध्ये आहे. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आधी दोषी ठरलेली व्यक्ती पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरली, तर सुटकेनंतर राहण्याचा पत्ता आणि त्यातील बदल कळवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ही मुदत शिक्षा संपल्यापासून जास्तीत जास्त पाच वर्षे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३५६ होते. ही तरतूद केवळ लैंगिक गुन्ह्यांसाठी नाही आणि आदेश देणे न्यायालयाच्या इच्छेवर आहे.

दुसरीकडे, गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायदा २०२२ नुसार बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांचे स्कॅन यांसारख्या नोंदी एनसीआरबी ७५ वर्षे जपून ठेवू शकते. थोडक्यात, ‘हा माणूस कोण’ याची नोंद दीर्घकाळ टिकते, ‘तो आज कुठे राहतो’ याची मात्र टिकेलच असे नाही.

अमेरिकेत यादी कशी चालते?

न्यू जर्सीत जुलै १९९४ मध्ये मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीची हत्या झाली. समोरच्या घरात राहणारा आरोपी आधी लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेला होता, हे तिच्या पालकांना माहीत नव्हते. त्यातून आलेला ‘मेगन्स लॉ’ १९९६ मध्ये संपूर्ण देशाला लागू झाला. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने गुन्हेगारांचे तीन स्तर केले. नोंदणीची मुदत अनुक्रमे १५ वर्षे, २५ वर्षे आणि आजन्म. स्तरानुसार वर्षातून एकदा, दर सहा महिन्यांनी किंवा दर तीन महिन्यांनी स्थानिक पोलिसांसमोर प्रत्यक्ष हजर राहावे लागते. घर, नोकरी किंवा शिक्षणसंस्था बदलली तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवावे लागते. न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

राज्यांच्या याद्या एका राष्ट्रीय संकेतस्थळाला जोडल्या आहेत. नाव, शहर किंवा पिनकोडसारखा झिप कोड टाकून कुणीही शोध घेऊ शकतो. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे घर भाड्याने घेण्याआधी तो घेऊ शकतात. पण तिथेही सर्व नावे सर्वांना दिसतात असे नाही. खुद्द न्यू जर्सीत सर्वांत कमी धोक्याच्या गटाची माहिती पोलिसांपुरती राहते, मधल्या गटाची प्रामुख्याने शाळा आणि संस्थांना दिली जाते आणि सर्वाधिक धोक्याच्या गटाची परिसरातील लोकांना.

ब्रिटनने कोणता मार्ग काढला?

ब्रिटनमध्येही नोंदणी सक्तीची आहे, पण यादी सार्वजनिक नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून ‘सारा’ज लॉ’ नावाने ओळखली जाणारी योजना सर्वत्र लागू झाली. मुलाच्या संपर्कात असलेल्या एका ठरावीक व्यक्तीबद्दल पालक पोलिसांना विचारू शकतात. उदाहरणार्थ शिकवणीचे शिक्षक, शेजारी किंवा घरात नव्याने आलेला जोडीदार. पोलीस तपासून धोका वाटल्यास माहिती देतात, तीही मुलाचे रक्षण करू शकणाऱ्या व्यक्तीलाच आणि गोपनीय ठेवण्याच्या अटीवर. संपूर्ण गावाची यादी मिळत नाही, पण नेमक्या प्रश्नाला उत्तर मिळू शकते.

सार्वजनिक यादीने गुन्हे कमी होतात का?

जे. जे. प्रेस्कॉट आणि जोना रॉकॉफ या अमेरिकी अभ्यासकांनी १५ राज्यांतील आकडेवारी तपासून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. पोलिसांकडे अद्ययावत नोंदणी असल्याने ओळखीतल्या लोकांवरील गुन्हे कमी होण्यास मदत होते, असे त्यांना आढळले. मात्र यादी सर्वांसाठी खुली केल्यावर, यादीतील व्यक्तींकडून पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता वाढल्याचे दिसले. घर मिळत नाही, काम मिळत नाही, कुटुंब तुटते, मग सुधारण्यात फायदा उरत नाही, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

भारतात आणखी तीन अडचणी आहेत.

पहिली, पीडितेची ओळख. एनसीआरबीच्या आकडेवारीत बलात्काराच्या जवळपास ९० टक्के किंवा त्याहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो : नातेवाईक, शेजारी, मित्र. गावात वडिलांचे किंवा काकांचे नाव फलकावर लागले, तर मुलगी कोण हे वेगळे सांगावे लागत नाही. पोक्सोच्या कलम २३ ने आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरवला आहे. शिवाय नाव जाहीर होणार या भीतीने घरातलेच लोक तक्रार दाबण्याची शक्यता वाढते.

दुसरी, जमावाचा न्याय. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. तिथे कोणतीही यादी नव्हती, फक्त अफवा होती. फोटो आणि पत्त्यासह यादी मोबाइलवर आली, तर नामसाधर्म्यानेही कुणाचा बळी जाऊ शकतो.

तिसरी, आडनाव. आपल्याकडे आडनावावरून जात ओळखली जाते. एका व्यक्तीच्या गुन्ह्याचा राग संपूर्ण वस्तीवर निघण्याचा धोका परदेशातील याद्यांपेक्षा इथे अधिक आहे. त्यात २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने गोपनीयता मूलभूत हक्क ठरला असल्याने, स्वतंत्र कायद्याशिवाय अशी यादी खुली करणे न्यायालयात टिकणे अवघड आहे.

राज्यांनी प्रयत्न केला का?

केला. आंध्र प्रदेशने डिसेंबर २०१९ मध्ये मंजूर केलेल्या ‘दिशा’ विधेयकांत महिला व बालकांवरील गुन्हेगारांची सार्वजनिक नोंदवही प्रस्तावित होती. त्याच धर्तीवर महाराष्ट्राने ‘शक्ती’ विधेयके आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने शक्ती फौजदारी कायदा विधेयक मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही आणि ते प्रत्यक्षात आले नाही.

मग पालक आणि शाळांच्या हातात काय आहे?

यादी बघता येत नसली, तरी तिचा वापर करायला लावता येतो. पोक्सो नियम २०२० नुसार शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी यांसह मुलांशी नियमित संपर्क असलेल्या प्रत्येक संस्थेने कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करणे बंधनकारक आहे. यात शिक्षक आणि शिक्षकेतर, कायम आणि कंत्राटी सारेच येतात. बदलापूरनंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागानेही २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समितीबरोबर कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीवर भर दिला.

जिल्ह्यात निवासी शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे, खासगी क्लास आणि कुस्तीच्या तालमी मोठ्या संख्येने आहेत. पालकांनी तिथे हे विचारावे :

• चालक, शिपाई, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? ठेकेदाराने पाठवलेल्यांचीही?

• पडताळणी कधी झाली? कामावर घेताना एकदाच की त्यानंतरही?

• सखी सावित्री समितीची बैठक शेवटची कधी झाली आणि त्यात पालक प्रतिनिधी कोण?

• तक्रारपेटी कोण उघडते?

घरकामगार, चालक किंवा भाडेकरू ठेवतानाही पोलीस ठाण्याला माहिती देता येते. चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्र पोलिसांची ऑनलाइन सेवा आहे.

मात्र पडताळणी स्वच्छ आली याचा अर्थ ‘आतापर्यंत नोंद सापडली नाही’ एवढाच. ‘हा माणूस सुरक्षित आहे’ असे प्रमाणपत्र ते नाही. पहिल्यांदा गुन्हा करणारा कोणत्याच यादीत नसतो.

संशय आला तर काय करावे?

फोटो ग्रुपवर टाकू नये. बालकावरील अत्याचाराची माहिती किंवा तसा अंदाज असल्यास पोलिसांना कळवणे पोक्सोच्या कलम १९ नुसार प्रत्येकाचे कर्तव्य आहे आणि न कळवणे कलम २१ नुसार गुन्हा ठरतो. मुख्याध्यापक किंवा संस्थाचालकाने ‘शाळेची बदनामी नको’ म्हणून प्रकरण दाबले, तर त्याच्यावर अधिक कडक कारवाई होऊ शकते. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

भारताला ब्रिटनसारखी मर्यादित विचारणा करण्याची सोय हवी का, हा चर्चेचा मुद्दा आहे. त्यासाठी नोंदींतले पत्ते अद्ययावत ठेवणारी यंत्रणा, चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा हक्क आणि माहिती फोडणाऱ्याला शिक्षा, या तीन गोष्टी आधी लागतील. तोवर ही नोंदवही मुलांच्या उपयोगी पडण्याचा मार्ग एकच आहे : शाळेने पडताळणीचा अर्ज वेळेवर पोलीस ठाण्यात देणे आणि तो दिला का, हे पालकांनी शाळेला विचारणे.