फरशीखालची मालकी

"आमची टाकी बांधल्यापासून एकदाही उपसावी लागली नाही."

महिला मंडळांच्या बैठकांत संडासाचा विषय निघाला की कुणीतरी हे वाक्य म्हणतंच. म्हणताना तिच्या चेहऱ्यावर, मुलगा पहिल्या वर्गात पास झाल्याचं सांगताना असतो तसा भाव असतो. माझ्या सासूबाईही हेच सांगायच्या. आमच्या घरची टाकी मामंजींनी बावीस वर्षांपूर्वी बांधून घेतली होती. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, सात फूट खोल. "आता नातवंडांनासुद्धा बघावं लागणार नाही," असं गवंडी म्हणाला होता म्हणे. भारतीय मानकाचं कोष्टक पाहिलं तर पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाण्याच्या खोलीची टाकी पुरते. अट एकच, दोन-तीन वर्षांनी ती उपसायची. ती अटच आपल्याला नको असते. म्हणून आपण पाच-सहा पट मोठा खड्डा काढतो, वर फरशी टाकतो आणि विसरतो.

सेप्टिक टँकमध्ये जादू काही नाही. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी पाइपातून शोषखड्ड्यात जातं. तळचा गाळ जिवाणू कुजवतात, त्यामुळे तो कमी होतो, पण संपत नाही. वर्षागणिक थर चढत जातो. टाकी उपसली नाही की एक दिवस गाळच पाण्याबरोबर बाहेर पडू लागतो. शोषखड्डा असेल तर तो बुजतो. नसेल तर, आणि पुष्कळ घरांना तो नसतोच, सगळं थेट उघड्या गटारात. तेव्हा पंचवीस वर्षांत टाकी उपसली नाही याचा अर्थ, कितीतरी घरांच्या बाबतीत, ती पुढच्या आळीतल्या गटारात उपसली जात होती, एवढाच.

हे मला एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नाही. 'स्वच्छता व आरोग्य' या मथळ्याखाली आम्ही संडास बांधायला लोकांना तयार कसं करायचं ते शिकलो. बांधल्यानंतर काय, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. तो मला आमच्याच घरी शिकायला मिळाला, तेही गौरीच्या जेवणाच्या आदल्या दिवशी.

घरात चौदा माणसं होती. सकाळी संडासाचं भांडं तुंबलं, दुपारपर्यंत मागच्या चेंबरमधून पाणी वर आलं. गाडी बोलावायची ठरली, तेव्हा कळलं की टाकीचं झाकण कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. मधल्या काळात मागे न्हाणीघर वाढवलं होतं, त्याच्या फरशीखाली झाकण गेलं होतं. नऊ वर्षं आम्ही त्यावर उभ्या राहून आंघोळ करत होतो.

त्यानंतरचे तीन दिवस मी विसरणार नाही. पुरुषमाणसं सकाळी मोटारसायकल काढून शेताकडे गेली. मुलांना शेजारी पाठवलं. सासूबाई, जाऊबाई, दोन नणंदा आणि मी अशा पाच जणी राहिलो. आम्ही पाणी पिणं सोडलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, बोललोही नाही. सासूबाईंनी तर उपासच धरला, म्हणे गौरीचा आहे. अंधार पडल्यावर दोघी-दोघींनी बांधाकडे जायचं, हातात बॅटरी, मागून येणाऱ्या गाडीचा उजेड पडला की उठून उभं राहायचं. ज्या गोष्टीवर मी गावोगाव भाषणं देते ती माझ्या अंगावर आली होती, आणि घरातल्या चार शहाण्या पुरुषांना ही घाईची बाब आहे असं वाटतही नव्हतं. "होईल दोन दिवसांत, वहिनी," भाऊजी म्हणाले.

त्यांनी केलेली व्यवस्था दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहिली. पन्नाशीचा एक माणूस, हातात बादली आणि दोर. मागच्या बाजूने आला होता, पुढून येऊ नये हे त्याला सांगावं लागलं नव्हतं. सासूबाईंनी त्याला चहा दिला तो कान तुटलेल्या कपातून. (तो कप आमच्याकडे का जपून ठेवला आहे, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता, हेही कबूल करते.) फरशी फोडायची, झाकण उघडायचं आणि त्याने आत उतरायचं, असं ठरलं होतं.

मी म्हटलं, उतरायचं नाही. टाकीत साठलेल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि माणसाला वाटतं की आता बरं आहे. एक जण खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. अशा बातम्यांत मृतांची संख्या बहुधा एक नसते, ती या कारणाने.

भाऊजी चिडले. पण त्यांच्या चिडण्याचं मला काही वाटलं नाही. तो माणूस चिडला, त्याचं वाटलं. "ताई, तुम्ही उतरू देणार नाही, मग माझा आजचा रोज कोण देणार? उद्याचा कोण देणार?" मी त्या दिवसाचा रोज दिला. उद्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्याकडे कागदावर आहे. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या नावातच 'पुनर्वसन' हा शब्द आहे. त्या माणसापर्यंत तो शब्द पोचलेला नव्हता.

याच कायद्याचं सातवं कलम आपण साऱ्याजणींनी नीट वाचावं असं आहे. संरक्षक साधनं आणि खबरदारी यांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये साफसफाईला लावू नये, असं ते सांगतं, आणि हे बंधन नगरपालिका किंवा ठेकेदारापुरतं नाही. 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द आहेत. म्हणजे घरमालकही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबईत गोवंडीला डिसेंबर २०१९ मध्ये एका गृहनिर्माण सोसायटीची टाकी साफ करताना कामगार मेले. तिघींचे नवरे. त्या तिघी उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्येकीला दहा लाख रुपये देण्याचा आदेश झाला. ही भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच ठरवून दिलेली होती, तरी ती मिळवायला विधवांना कोर्टाची पायरी चढावी लागली. (२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम तीस लाख केली.) सोसायटीच्या त्या इमारतीतही घरोघरी बायका असणार. टाकीवर कुणाला बोलावलंय, हे त्यांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आणि मैत्रिणींनो, इथेच मला आपल्याशी थोडं भांडायचं आहे. घरावर बाईचं नाव असावं यासाठी आपण वर्षानुवर्षं झगडलो. गावातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी असा शासन निर्णय २००३ मध्ये निघाला, आणि ग्रामसेवकाच्या टेबलापुढे ठाण मांडून तो अमलात आणायला लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण उताऱ्यावर नाव लागलं की फरशीखालचंही आपलंच होतं. टाकी किती मोठी, कुठे, झाकण कुठे, कधी उपसायची, कुणाला बोलवायचं, हे सगळं आपण अजून 'बाहेरचं काम' म्हणून पुरुषांकडे ठेवलं आहे. घासायचं भांडं तेवढं आपलं. जाहिरातीतसुद्धा एक पुरुष येऊन बाईला संडास कसा चकचकीत करायचा ते शिकवतो. ते अ‍ॅसिड मापाबाहेर ओतलं की टाकीतले जिवाणू मरतात, हे मात्र तो सांगत नाही.

बैठकीत हे बोलले तर एक बाई ताडकन म्हणाली, "म्हणजे आता हेही आमच्याच डोक्यावर?" तिचा राग रास्त आहे. मी घासण्याचं आणखी एक काम द्यायला आलेली नाही, ठरवण्याचा हक्क मागायला आले आहे. भांडं घासायची पाळी घरातल्या सर्वांची असावी, हे तर आहेच.

सांगण्यासारखं फार थोडं आहे. लांब बांबूच्या टोकाला पांढरं जुनं फडकं घट्ट गुंडाळायचं, झाकण उघडून जरा वेळ लांब उभं राहायचं, मग टाकीच्या तळापर्यंत बांबू सोडून सावकाश वर काढायचा. फडक्यावर काळा गाळ जिथपर्यंत लागतो तेवढा थर. टाकीतल्या पाण्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत तो आला असेल तर गाडी बोलवायची. झाकणावर वाकायचं नाही, काडी-कंदील जवळ न्यायचा नाही, पोरांना लांब ठेवायचं. जाऊबाईंनी हे पहिल्यांदा केलं तेव्हा नाकाला पदर लावून हसत होत्या. आता मापं त्याच घेतात.

गाडी तिसऱ्या दिवशी आली, शेजारच्या नगरपालिकेची. पाइपात दोनदा काहीतरी अडकलं. गाडीवाला पोरगा सगळ्यांसमोर ओरडला, "पॅड टाकू नका हो टाकीत!" आम्ही पाचही जणी खाली मान घालून उभ्या. ते टाकायला घरात दुसरी जागा कुठे ठेवली आहे, हे त्याला कुणी विचारायचं? विचारायला हवं होतं घरातल्यांना. पुढच्याच बाजारी झाकणाचा डबा आणला.

गाडी कुठे रिकामी करणार असं मी विचारलं, तर त्या पोराने ओढ्याच्या दिशेने नुसती हनुवटी उडवली. त्या ओढ्यावर खालच्या वाडीतल्या बायका धुणं धुतात. म्हणजे आमच्या घराची सोय झाली, ती त्यांच्या घाटावर. हे एकट्या घराने सुटणारं नाही, इथे नगरपालिका आणि ग्रामपंचायतीलाच धरावं लागतं. करता येतं हे वाई आणि सिन्नरने दाखवलं. तिथे २०१८ नंतर नगरपालिकेने वॉर्डावॉर्डांतून पाळीपाळीने, दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसायचं वेळापत्रक घातलं. तुंबण्याची वाट पाहायची नाही, खर्च कराच्या पैशातून, आणि गाळ ओढ्यात न सोडता प्रक्रिया केंद्रावर. ग्रामसभेत हे मागता येतं. मागणाऱ्या बायका असल्या पाहिजेत, कारण तुंबल्यावर पाणी सोडून बसणाऱ्या त्याच आहेत.

ज्यांना नव्याने बांधायचं आहे त्यांनी, जागा आणि जमीन साथ देत असेल तर, दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधावा असं माझं मत आहे. एक भरला की दुसरा सुरू करायचा. पहिला बंद ठेवला तर वर्ष-दीड वर्षात त्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. पण हे सांगितलं की माणसं मान हलवतात आणि मोठी टाकीच बांधतात. डायन कॉफी आणि डीन स्पिअर्स यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांवर लिहिलेल्या २०१७ च्या पुस्तकात याचं कारण विटाळात आणि जातीत शोधलं आहे. लहान खड्डा कधीतरी स्वतः रिकामा करावा लागेल, या कल्पनेनेच लोकांना शिसारी येते. आमच्या गावांत मला याहून वेगळं दिसलेलं नाही. एका घरी तर खड्डा लवकर भरू नये म्हणून दिवसा सुनेने बाहेर जायचं असा दंडक होता. संडास सरकारी अनुदानातून, 'बायकांच्या इज्जतीसाठी' बांधलेला.

गाडीची पावती परवा हाती आली. त्यावर घरमालक म्हणून भाऊजींनी सवयीने मामंजींचं नाव दिलं आहे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. सासूबाईंनी पावती चष्म्याजवळ धरून दोनदा वाचली. म्हणाल्या, "अजून ह्यांचंच?" वारसनोंदीचा अर्ज ग्रामसेवकाकडे गेल्या सोमवारी दिला आहे, पहिलं नाव त्यांचं. झाकण आता न्हाणीघराच्या फरशीवर उघडं दिसतं, त्यावर जाऊबाईंनी रंगाने तारीख घातली आहे.