दगडफुलाची कैफियत

गोड्या मसाल्यात दगडफूल नसले की सासूबाई नाक मुरडतात. पण कर्नाळ्याच्या कातळावर त्याचेच भाऊबंद दिसले की आम्ही त्यांना घाण म्हणतो, आणि खिळ्याने खरवडून तेथे आपले नाव कोरतो! हा कुठला न्याय? दगडफूल हे मुळी फूलच नव्हे. बुरशीने घर बांधायचे, शैवालाने उन्हावर अन्न रांधायचे, असा तो दोघांचा संसार. वाढ वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर. तळहाताएवढा पसरायला कित्येक वर्षे. मोडायला पाच मिनिटे! पनवेलकरहो, १९६८ साली कर्नाळ्यास पक्ष्यांना अभयारण्य मिळाले. या मुक्या बिऱ्हाडकरूंना अभय आपणच द्यायचे. फराळाचा डबा खुशाल न्या. खिळा मात्र घरी ठेवा.