जनसुनावणीला हे प्रश्न घेऊन जा

भद्रावती तालुक्यात कोळसा खाणीची जनसुनावणी जाहीर झाली की गावागावात दोनच विषय निघतात. एकरी भाव किती, आणि नोकरी कोणाच्या नावानं. यात गैर काही नाही. ज्याची जमीन जाते त्यानं भाव विचारायलाच हवा. पण मंडप उठतो, साहेब गाडीत बसतात, आणि मग पारावर बसल्यावर कळतं की विचारायचं बरंच राहून गेलं. जे राहून जातं ते नेमकं काय, हे एका पत्रात फार नीट मांडलेलं आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये रोमहून लिहिलेलं ते पत्र, ‘लौदातो सी’.

मी कॅथलिक आहे. या भागात आमची वस्ती विरळ. चांद्याचं, म्हणजे चंद्रपूरचं, मिशन १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे आलं, १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला, बिशपांचं ठाणं बल्लारपूरला. बाकीच्यांना आम्ही ठाऊक आहोत ते शाळा आणि दवाखान्यांमुळे. चर्च तत्त्वज्ञांशी बोलतं, आजच्या जगण्याबद्दल विचार करतं, हे आमच्यातल्याही पुष्कळांच्या गावी नसतं. धर्मशास्त्र हा फादर लोकांचा विषय असं ठरवून आम्ही रविवारच्या मिस्सेनंतर घरी येतो. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ मध्ये संपली, तेव्हाच तिनं हे दार उघडलं होतं. आपण आत पाऊल टाकलं नाही.

आणि हे पत्र फक्त आमच्यासाठी नाही. पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येकाशी बोलायचं आहे, असं पोप सुरुवातीलाच सांगतात. त्यात ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मगुरूंचं म्हणणं आहे, पॉल रिकर या फ्रेंच तत्त्वज्ञाचं आहे, एका सूफी संताचंसुद्धा आहे. ज्या भद्रावतीत भद्रनागाचं देऊळ, विजासनची बौद्ध लेणी आणि पार्श्वनाथाचं जैन मंदिर एका दिवसात पायी बघून होतात, तिथल्या माणसाला ही बैठक परकी वाटायचं कारण नाही.

पत्रातला कणा मात्र रोमानो ग्वार्दिनी यांच्या विचाराचा आहे. ते जर्मनीत वाढलेले इटालियन धर्मगुरू आणि तत्त्वज्ञ. फ्रान्सिस पोप होण्याच्या खूप आधी, १९८६ मध्ये, ग्वार्दिनींवर अभ्यास करायला जर्मनीला गेले होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर ग्वार्दिनींनी लिहिलं की आधुनिक माणसाच्या हातात प्रचंड ताकद आली, पण ती ताकद कशी वापरायची याचं शहाणपण त्याच्याकडे आलं नाही. समोरची प्रत्येक गोष्ट त्याला कच्चा माल दिसू लागली. त्यांनी आपल्या खाणी पाहिल्या नव्हत्या. पण तेलवासा-ढोरवासाकडे जाऊन उभं राहा, म्हणजे त्यांना काय म्हणायचं होतं ते डोळ्यांना दिसेल. कोळशाच्या वरची माती, ज्यात आजा-पणजानं कापूस आणि तूर पिकवली, ती खाणीच्या हिशेबात उपसून टाकायची वस्तू ठरते, आणि तिचे डोंगर शेताशेजारी उभे राहतात.

पोप फ्रान्सिस यंत्राच्या विरोधात नव्हते, मीही नाही. माजरीत कितीतरी घरांची चूल वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, पगारावर पेटते, आणि ऑर्डनन्स फॅक्टरीनं या गावातल्या कितीतरी पोरांना शिकवून मोठं केलं. कोळसा वाईट असं म्हणून ही माणसं झटकून टाकता येत नाहीत. २०२५ मध्ये पोप झालेल्या लिओ चौदाव्यांनी नाव निवडताना लिओ तेराव्यांची आठवण ठेवली. लिओ तेराव्यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या मजुरीवर आणि संघटनेच्या हक्कावर पत्र लिहिलं होतं. कायम कामगाराच्या बाजूला तेच काम करणारा ठेकेदाराचा माणूस काय घरी नेतो, हा प्रश्न त्या पत्रातूनही निघतोच.

आता मूळ मुद्दा. ‘लौदातो सी’मध्ये १८२ पासून १८८ पर्यंतचे परिच्छेद मोठ्या प्रकल्पांच्या निर्णयावर आहेत. पोप फ्रान्सिस यांचं सांगणं असं की पर्यावरणाचा विचार प्रकल्प ठरवून झाल्यावर जोडायचा कागद नाही, तो आधी व्हायला हवा, आणि तिथे राहणाऱ्या लोकांना चर्चेत खास जागा हवी. मग ते प्रश्न देतात. हा प्रकल्प कशासाठी? इथेच का? आत्ताच का? कसा होणार? फायदा कोणाचा? धोका कोणता? खर्च किती, आणि तो कोण भरणार?

हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे विचारला जात नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी धरतात. ज्याच्या सातबाऱ्यावर दोन एकर आहे त्याचा हिशेब होतो. पण दुसऱ्याच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचं काय? तिच्या नावावर गुंठाही नाही. शेत गेलं की तिची रोजी गेली, आणि नोकरीच्या यादीत तिचं नाव येण्याचा प्रश्नच नाही. खाणीच्या शेजारचा शेतकरी घ्या. त्याची जमीन गेलेलीच नाही. पण ट्रकच्या रस्त्याकडची बोंडं काळवंडतात, वेचलेला कापूस जिनिंगवर नेला की व्यापारी मूठभर उचलून बोटांनी चोळतो आणि भाव पाडतो. ब्लास्टिंगनं भिंतीला तडा गेला तर लिंपायचा खर्च त्याचाच. हे सगळे खर्च प्रकल्पाचेच आहेत, ते भरणारी माणसं मात्र प्रकल्पाच्या कागदावर नाहीत. कोळसा क्षेत्राच्या १९५७ च्या कायद्यानं जमीन घेतात तेव्हा गावाला तोंड उघडायच्या जागा थोड्या असतात. जनसुनावणी ही त्यातली एक, म्हणून ती वाया घालवू नका.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं उदाहरण मला इथे आठवतं. वर्षानुवर्षं त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये गेले. वसईच्या विहिरींचं पाणी आणि वाड्या वाचवायला ते हरित वसई संरक्षण समितीतून लोकांसोबत रस्त्यावर उतरले, आणि त्या लढ्यात सगळ्या धर्मांची माणसं होती. त्यांनी बायबलही मराठीत आणलं. एकाच माणसानं केलेली ही दोन कामं मला वेगळी काढता येत नाहीत.

तर माझं मागणं असं. सुनावणीची नोटीस कमीत कमी तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत येते, त्यातलं एक तरी स्थानिक भाषेतलं असतं. त्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश मागा, तो ठेवणं २००६ च्या अधिसूचनेनं बंधनकारक आहे. गावात इंग्रजी वाचणारी एखादी मुलगी असेल, तिला ‘लौदातो सी’तले ते सात परिच्छेद वाचून मराठीत सांगायला लावा. देवळाच्या ओट्यावर, विहारात, चर्चच्या व्हरांड्यात, कुठेही बसा, पण ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांना आधी बोलू द्या. त्यांच्या तोंडून आलेला खर्च कागदावर उतरवा. आमच्या ख्रिस्ती मंडळींना विशेष सांगणं, फादरांची वाट बघू नका, आणि फादरांनाही सोबत घेतल्याशिवाय राहू नका.

लेखी हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आधी द्या, पोच घ्या. सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीनं अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी बसतो, चित्रीकरण होतं, आणि तिथे गणपूर्तीची अट नाही. म्हणजे आपण गेलो नाही तरी ती वैध ठरते. बोलायला उभं राहिलात की आधी नाव आणि गाव सांगा, मग एकेक प्रश्न सावकाश विचारा, उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. शेवटी वृत्तांत मराठीत वाचून दाखवायचा असतो. तेव्हा उन्हानं जीव कासावीस झालेला असतो, लोक चप्पल शोधत असतात. थांबा. त्या बाईचा प्रश्न, कापसाचा प्रश्न वृत्तांतात आला की नाही ते कान देऊन ऐका. आला नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची सही व्हायच्या आधी, तिथल्या तिथे, मोठ्यानं सांगा.