गोळ्या विकायला एवढे शिकायचे?

भालकी, बसवकल्याण, औराद या बाजूच्या मराठी घरांत बारावीचा निकाल लागला की एकच प्रश्न ऐकू येतो : डॉक्टर की इंजिनिअर? मुलाने फार्मसीचे नाव काढले तर बैठकीतील मंडळी क्षणभर गप्प होतात. मग कोणी जाणता गृहस्थ म्हणतो, "म्हणजे मेडिकल टाकणार म्हणा की! गोळ्या विकायला एवढं कशाला शिकायचं?"

आम्हीही त्याच मंडळींतले, हे आधी कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून गेलेली एक गुणी विद्यार्थिनी वडिलांसह सल्ला विचारण्यास आली. वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकला होता. कलबुर्गीस फार्मसीला जागा मिळत होती. आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले, "एक वर्ष पुन्हा नीटला बस." तिने वर्ष घालविले, गुण तेवढेच राहिले आणि शेवटी ती फार्मसीलाच गेली. ते वर्ष आमच्या खात्यावर आहे.

वास्तविक हे शास्त्र लहान नव्हे. काशी हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ साली त्याचे अध्यापन सुरू केले. पदवीला चार वर्षे लागतात. औषध बनविणे, तपासणे, देणे ही सारी त्याचीच अंगे. आपल्या बीदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत, तेथेही ही विद्या लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनेच द्यावे, असा १९४८ चा कायदा आहे. मग मान का नाही? याचे उत्तर अनेक दुकानांच्या भिंतीवरच टांगलेले असते. चौकटीत प्रमाणपत्र एकाचे, गल्ल्यावर माणूस दुसराच! प्रमाणपत्र महिन्याच्या भाड्याने द्यायचे आणि आपण दुसरा उद्योग पाहायचा, हा व्यवहार कोणाला ठाऊक नाही? ज्या लोकांनी खरा फार्मसिस्ट काम करताना कधी पाहिलाच नाही, त्यांना त्याची गरज तरी कशी पटावी?

आम्हाला ती पटली गेल्या पावसाळ्यात. आमच्या थोरल्या अक्कांना आमवात आहे. शहरातील डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेटची गोळी दिली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तालुक्याच्या एका दुकानातील पोऱ्याने पाकिटावर कानडीत लिहिले, 'दिनक्के ओंदु'. अक्कांना मराठीच वाचता येते. शेजारच्या मुलाने वाचून दाखविले, 'रोज एक', आणि अक्का रोज घेत राहिल्या. आठवड्याच्या आत तोंड फोडांनी भरले. त्यावर लावायला काहीतरी आणावे म्हणून त्या आमच्या त्याच विद्यार्थिनीच्या दुकानी गेल्या.

मलम विकून ती मोकळी झाली असती. तिने विचारले, "आज्जी, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? दाखवा बघू." पट्टी पाहताच तिने गोळी बंद करावयास सांगितली, डॉक्टरांना फोन लावला आणि आम्हाला बोलावून घेतले. "सर, आजच्या आज रक्त तपासून घ्या." पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. अक्का नऊ दिवस दवाखान्यात होत्या. आणखी आठवडाभर तसेच चालले असते तर काय झाले असते, ते डॉक्टरांनी आम्हास बाजूला घेऊन सांगितले.

आता अक्कांच्या पाकिटावर ती मराठीत वार लिहून देते. शेजारच्या लिंगायत आजींना कानडीत, मुल्लाजींना दखनीत समजावते. एवढे करूनही गावात तिला 'मेडिकलवाली'च म्हणतात. मध्यंतरी लातूरकडील एक चांगले स्थळ आले. त्यांची अट एकच : लग्नानंतर दुकानात उभे राहणे बंद. वडील पुन्हा आमच्याकडे सल्ल्यास आले. या खेपेस आम्ही म्हणालो, "मला कशाला विचारता? तिला विचारा."

तिने नकार कळविला. वडील अजून आमच्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत.