पाणथळे आणि पळवाटा

ठाण्याच्या खाडीला 2022 साली ‘रामसर’ स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला, तेव्हा राज्यकर्त्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यामागून महाराष्ट्राला लाभलेले हे तिसरे भूषण. 2015 मध्येच खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला होता. नकाशा पाहावा, तर खाडी पूर्ण सुरक्षित आहे! आमचे म्हणणे नकाशावरील रेषेच्या आतल्या प्रदेशाविषयी नाहीच. ते त्या रेषेला खेटून असलेल्या पाणथळांविषयी आहे.

रोहित पक्षी नकाशा पाहून उडत नाहीत. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते तेथे चरतात. भरती आली की ती जागा पाण्याखाली जाते आणि थव्याला विसाव्यासाठी उथळ पाण्याची दुसरी जागा लागते. नेरूळचा डीपीएस तलाव, सीवूड्सला एनआरआय वसाहतीलगतचे आणि चाणक्य नौप्रशिक्षण संस्थेमागचे पाणथळ या अशा विसाव्याच्या जागा आहेत, आणि नेमक्या त्याच अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिल्या. पाहुण्याची पंगत राखावयाची आणि त्याची निजावयाची खोली विकावयाची, असे हे आतिथ्य आहे.

कायदा काय करतो? केंद्राच्या 2017 च्या पाणथळ नियमांनी अधिसूचित पाणथळांत भराव आणि अतिक्रमण यांस बंदी केली. पण मिठागरांसाठी किंवा मत्स्यशेतीसाठी माणसाने केलेली जलस्थाने वगळली. आमच्या खाडीकाठचे जुने खाजण नैसर्गिक कोठे संपते आणि आगराचा बांध कोठे सुरू होतो, हे ठरवणार कोण? शिवाय सीआरझेडमध्ये येणारी पाणथळेही या नियमांनी आपल्या कक्षेबाहेर ठेवली. म्हणजे सीआरझेडकडे जावे. तर 2019 च्या अधिसूचनेने तेथील बंधने सैल केली आणि खासगी जमिनीवरील कांदळवनाभोवती संरक्षक पट्टा सोडण्याची आवश्यकता नाही, असे सांगून टाकले. कांदळवनाची मुळे सातबारा वाचून पसरत नसतात, हे दिल्लीकरांस कोणी सांगावे?

या पळवाटांतून काय घडते याचा दाखला जुना नाही. राज्य सरकारने 2016 मध्ये सीवूड्सजवळच्या पाणथळावरील ना-विकास क्षेत्राचा शिक्का पुसला आणि तेथे निवासी इमारतींना व गोल्फच्या मैदानाला वाट करून दिली. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2018 मध्ये तो फेरबदल रद्द ठरवला, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. नागरिकांनी पदरमोड करून न्यायालयाचे दार ठोठावले नसते, तर? एका अधिसूचनेने पुसले जाणारे आरक्षण हे आरक्षणच नव्हे.

बरे, पाणथळ मारण्यास भरावच घालावा लागतो असेही नाही. भरतीचे पाणी ज्या नाळेने येते ती बुजवली, की काम भागते. डीपीएस तलावाचे पाण्याचे मार्ग कोंडल्याची ओरड झाली. 2024 मध्ये त्या परिसरात रोहित मरून पडले. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावास संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली, याबद्दल त्याचे अभिनंदन. पण तलाव राखला आणि नाळ मोकळी ठेवली नाही, तर उरेल तो हौद.

‘लोकांनी राहावे कोठे?’ हा प्रश्न विचारला जाईल. तो खोटा नाही. परंतु पाणथळाच्या काठी उभे राहणारे मनोरे बेघरांसाठी नसतात. खिडकीतून गुलाबी थवे दिसतील, या आमिषावर तेथील भाव चढतात. ही घरे घेणाऱ्यांत आमचे वाचकही असतील. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की नवी मुंबई ही बरीचशी खारभूमीवर वसलेली नगरी आहे. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही, ते ओहोटीपर्यंत कोठेतरी थोपवावे लागते. म्हणूनच सिडकोने येथे धारण तलाव योजले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याने इमारतींची किंमत विचारली नव्हती. कोळी-आगरी बांधवांच्या गावठाणांचा प्रश्न निराळा आहे आणि तो त्वरेने सुटला पाहिजे; त्याच्या आडून मोठ्या विकासकांनी भूखंड मागू नयेत.

आमची मागणी मर्यादित आहे. भरतीच्या वेळी पक्षी विसावतात ती प्रत्येक जागा, तिचे पाणी आणणाऱ्या नाळांसह, नवी मुंबईच्या विकास आराखड्यात ना-विकास क्षेत्र म्हणून दाखवावी. तिच्या वापरात बदल करावयाचा झाल्यास तो ‘किरकोळ फेरबदल’ म्हणून परस्पर उरकू नये. जाहीर सुनावणी घ्यावी आणि बदलाची कारणे लेखी द्यावीत. महापालिका आणि नगरविकास खाते हे करणार आहेत काय? हिवाळ्यात थवे पुन्हा खाडीत उतरतील. त्यापूर्वी या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर आम्हांस हवे आहे.