मानसरोग : जागृतीची सुरुवात आपल्याच चिकित्सालयातून



गणपतीचे दिवस जवळ आले की माझ्याकडे एक मध्यमवयीन स्त्री रुग्ण येत असे. तक्रारी दरवर्षी त्याच : छातीत धडधड, अन्नावर वासना नाही, पहाटे दचकून जाग येणे. नाडी पाहून मी वातप्रकोपाचे निदान करी, अश्वगंधा व ब्राह्मीचे कल्प देई आणि महिन्याभरात तिला उतार पडे. असे सात वर्षे चालले. आठव्या वर्षी सहज विचारले, "बाई, तुमचं माहेर कुठलं?" त्या म्हणाल्या, "सास्तूर." एवढे सांगून त्या रडू लागल्या. सात वर्षे मी त्यांची नाडी पाहिली. त्यांना मात्र काहीच विचारले नव्हते.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. सरकारी आकड्यानुसार सुमारे ८ हजार माणसे दगावली. आपले सोलापूरही त्या पहाटे हादरले होते. पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. वाचलेल्यांच्या मनावरील परिणामांचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने हाती घेतला, डॉ. मोहन आगाशे त्याचे प्रमुख संशोधक होते. म्हणजे मनाचाही भूकंप होतो, हे शास्त्राने तेव्हाच ओळखले होते. ते आपल्या तपासणीच्या टेबलापर्यंत मात्र अजून पोचलेले नाही.

वास्तविक हा विषय आपणास परका नाही. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात उन्मादाचे सहा प्रकार सांगताना मानसदुःखजन्य उन्माद स्वतंत्र मानला आणि चोर, राजपुरुष वा शत्रूंनी दिलेला धाक तसेच धन व बांधव यांचा नाश ही त्याची कारणे नोंदवली. चरकाचार्यांनी त्रिविध औषधांत दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या बरोबरीने सत्त्वावजयास स्थान दिले आणि रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थानी ठेवले. परीक्षेपुरते हे आपण सर्वांनी पाठ केले. चिकित्सालयात मात्र सत्त्वावजय म्हणजे "काळजी करू नका" एवढे एक वाक्य उरले आहे.

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १० टक्के व्यक्ती मानसविकाराने ग्रस्त आढळल्या आणि नेहमी दिसणाऱ्या मानसविकारांत दहापैकी आठांहून अधिक रुग्ण उपचाराविना असल्याचे दिसले. हे रुग्ण जातात कुठे? त्यांतील कितीतरी आपल्याच बाकावर बसलेले असतात. यंत्रमाग बंद पडल्यावर घरी बसलेला कामगार, डाळिंबाची बाग हातची गेलेला शेतकरी, विड्या वळताना हात थरथरणारी स्त्री, हे लोक मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढत नाहीत. 'वेडा' हा शिक्का त्यांना नको असतो. "वात झालाय", "अशक्तपणा आलाय" म्हणत ते आपल्याकडे येतात. हा विश्वास आपली पुंजी आहे. परंतु त्याच सोयीच्या शब्दांआड आजार झाकून ठेवला, तर त्या विश्वासाचा आपण गैरवापर करतो.

येथे प्रांजळपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. उन्मादी रुग्णास बांधणे, कोंडणे, भय दाखवणे हे उपायही आपल्या संहितांत आहेत. ग्रंथाविषयी आदर बाळगूनही ते आज त्याज्य मानले पाहिजेत. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडाने बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, हे विसरता येणार नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार रुग्णास साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई आहे.

औषधालयांच्या मालकांनाही एक विनंती. "झोपेचं काहीतरी आयुर्वेदिक द्या" म्हणणाऱ्यास सर्पगंधायुक्त गोळी सहज काढून देऊ नये. सर्पगंधेतील रेसर्पिनने रक्तदाब उतरतो, तसेच खिन्नता वाढूही शकते, हे गेल्या शतकातच लक्षात आले आहे. म्हणजे ज्या विषण्ण माणसाला झोप नाही, त्यालाच ती घातक ठरू शकते. तसेच मनोविकारतज्ज्ञाने दिलेल्या गोळ्या "आता बंद करा, आपलं औषध पुरे" असा सल्ला कोणीही देऊ नये. औषधे एकाएकी थांबविल्याने आजार उलटतो आणि प्रसंगी जीव जातो.

मग करावे काय? निद्रानाश, धडधड, अंगदुखी यांची तक्रार तीन आठवड्यांहून अधिक टिकली, तर घरातील मृत्यू, कर्ज, मारहाण, अपघात याविषयी एकांतात विचारावे. उत्तर मिळेपर्यंत थांबावे. घाईत विचारलेल्या प्रश्नाला "तसं काही नाही" हेच उत्तर मिळते. मरणाचे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते विचार बळावत नाहीत, उलट रुग्णाला मोकळे वाटते. उत्तर होकारार्थी असेल तर रुग्णाला एकटे न सोडता नातेवाइकांसह त्याच दिवशी तज्ज्ञाकडे धाडावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात दर्शनी भागी लावावा. आपल्या संघटनेने प्रत्येक तालुक्यासाठी मनोविकारतज्ज्ञ व समुपदेशकांची यादी करून सभासदांना द्यावी आणि १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनी वैद्य व तज्ज्ञ यांची एकत्र बैठक घ्यावी. रुग्ण धाडला म्हणजे आपण हरलो, ही भावना मनातून काढून टाकली पाहिजे.

त्या सास्तूरच्या बाई आजही येतात. तज्ज्ञांचे उपचार सुरू आहेत, सोबत माझे शिरोभ्यंग. गेल्या गणपतीत त्या औषध मागायला आल्या नव्हत्या. त्या रात्री गेलेल्या आपल्या भावाविषयी बोलायला आल्या होत्या. अर्धा तास ऐकले. त्या दिवशी चिठ्ठीवर काहीच लिहावे लागले नाही.