पळीला चव कळत नाही म्हणे!

शनिवारी सकाळी सकाळी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. पळी, डाव, ओगराळं, झारा, उलथणं यांचे फोटो आणि खाली उसासे. हे सगळं गेलं आणि घरातलं प्रेमही गेलं, असा एकूण सूर. अकरा जणांनी बदाम पाठवले. (मोजले. धंद्याची सवय.) राहवेना, म्हणून आजचं पोस्ट.

पहिली गोष्ट म्हणजे, गेलं काय? लासलगावच्या आमच्या घरी आजही फोडणीची लोखंडी पळी आहे. ती थेट गॅसवर धरायची, तेल तापलं की मोहरी, तडतडली की जिरं-हिंग, आणि सगळी पळीच चर्रर्र करून वरणात बुडवायची. नॉनस्टिकवाल्यांनी हे एकदा करून दाखवावं. उलथण्याला विदर्भात सराटा म्हणतात, मुंबईकडे कालथा; ते अजून रोज लागतं. कोकणात करवंटीला दांडा लावून डवली करतात. पिठलं किती पातळ हवं हेसुद्धा आपण पळीच्या भाषेत सांगतो, पळीवाढं! देवापुढे पंचपात्रातही तीच.

एवढी कामाची वस्तू, पण कीर्ती बघा. धम्मपदात मूर्खाला हिचीच उपमा आहे. जन्मभर शहाण्यांजवळ राहूनही त्याला धर्म कळत नाही, जशी पळीला आमटीची चव. संस्कृतातल्या दर्वीचीही हीच बदनामी.

चव नसेल कळत. पण पंगत बरोबर कळायची. म्हणजे पळीला नाही हो, धरणाऱ्या हाताला. पाव्हण्याच्या पानात आमटी तळापासून ढवळून पडायची आणि गड्याच्या पानात वरचं पाणी. लांब दांडा हात भाजू नये म्हणून असतो. आपल्या लोकांनी त्याला दुसरंही काम लावलं, विटाळ होऊ नये म्हणून लांबूनच वाढायचं, पाणी वरून ओंजळीत ओतायचं. हे काही दूरदेशीचं नाही. आमच्या नाशिकलाच १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. आणि शेजारच्या तालुक्यात, येवल्यात, १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. उसासे टाकताना एवढं तरी आठवावं की.

आता म्हणाल, बुफेत कसली आलीय आपुलकी? नसेना. पण तिथे रांगेत कोणीही उभं राहतं आणि डाव स्वतःच्या हातात घेतं. ही लहान गोष्ट आहे असं ज्याला वाटतं, त्याच्या पानात आमटी कायम तळापासूनच पडली असणार. (पनीरचा डाव मात्र केटररचा पोरगा काही केल्या सोडत नाही. दोन तुकडे म्हणजे दोन तुकडे! असो.)

आग्रह करकरून वाढलेली पंगत मलाही आवडते. जिलबीवर जिलबी पडताना मी कधी पानावर हात आडवा धरलेला नाही. तक्रार पंगतीबद्दल नाहीच. त्या फॉरवर्डमध्ये जी आजी आहे ना, तिच्याबद्दल आहे.

माझ्या आजीच्या हातात दिवसभर पळी. आधी आजोबा, मग काका, मग आम्ही पोरं, मग काकू. शेवटी सगळं आवरलं की आतून एक आवाज यायचा, खर्रर्र... पळीने पातेल्याचा तळ खरवडल्याचा. म्हणजे आता आजी जेवायला बसली. कांद्याचा भाव चांगला लागलेल्या वर्षीसुद्धा तोच आवाज. वरणाचं पातेलं मोठं झालं, पण तिच्या वाट्याला तळच. सगळ्यांना पुरवून वाढणारी अन्नपूर्णा, असं आम्ही तिचं कौतुक करायचो. तिला अगोदर जेवून घे म्हणायचं कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही. पुढे दोनच ताटांचा आमचा संसार सुरू झाला, बायकोने पहिल्याच दिवशी सोबत ताट घेतलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

शेवटी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "आजी जेवायची किती वाजता, कोणाला आठवतंय का?"

एकही बदाम नाही. दादाने लिहिलं, "तू प्रत्येक गोष्टीत काहीतरी काढतोस." संध्याकाळी काकूंचा मेसेज आला, वेगळा, फक्त मला. "तीन-साडेतीन व्हायचे. माझेही."